आधी पैसे, मग विमान

सुब्रत रॉय यांनी १९७८ मध्ये गोरखपुरात लोकांच्या छोट्या ठेवी गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा हाताशी २,००० रुपये होते, असं सहारा समूह स्वतः सांगत आला. पुढे समूहाचं मुख्यालय लखनौला, अलीगंजच्या कपूरथला भागात आलं. ३ डिसेंबर १९९३ रोजी याच समूहाची विमानं आकाशात गेली. दोन हजारांपासून विमानापर्यंत पंधरा वर्षं. आधी सहारा एअरलाइन्स आणि २००० पासून एअर सहारा या नावाने ही कंपनी देशभर उडत होती. तिचा मुख्य तळ दिल्लीत होता, पण मालकीचा पत्ता लखनौचा.

मराठी माणसाला लखनौ म्हटलं की पंडित भातखंडे आठवतात, १९२६ साली तिथे सुरू झालेलं संगीत महाविद्यालय आठवतं. विमान व्यवसायाच्या इतिहासातही या शहराची जागा आहे आणि त्यातले आकडे मुंबई-पुण्यापर्यंत येऊन भिडतात. ते समजून घ्यायला हवेत, कारण विमान कंपन्यांच्या कोट्यवधींच्या हिशेबात आपल्या तिकिटाचे चार-पाच हजारही असतात. ते नेमके कुठे असतात, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

एअर सहाराची किंमत आधी पाहू. जानेवारी २००६ मध्ये नरेश गोयल यांच्या जेट एअरवेजने ही कंपनी ५० कोटी डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे २,३०० कोटी रुपयांना घेत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये सौदा फिसकटला. भांडण लवादाकडे गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटींवर तडजोड झाली. पंधरा महिन्यांत ८५० कोटींची घसरण झाली होती. दिवसाला विभागून पाहिलं तर रोज सुमारे १ कोटी ९० लाख रुपये. विमान कंपनीचं मोल किती पातळ असतं, हे तेव्हाच दिसलं होतं. एअर सहाराची जेटलाइट झाली आणि लखनौच्या सहाराचं नाव विमानांवरून पुसलं गेलं.

२००७ हे वर्ष भारतीय विमान व्यवसायात नीट लक्षात ठेवावं असं आहे. त्या एका वर्षात जेटने सहारा घेतली, विजय मल्ल्यांच्या किंगफिशरने कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. मोठं झालं की तगून राहता येईल, असा तिन्ही ठिकाणचा हिशेब होता. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. बँकांचं थकलेलं कर्ज व्याजासह ९,००० कोटींच्या घरात गेलं. जेट २०१९ मध्ये बंद पडली. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांना विकावी लागली. तीन विलीनीकरणं, तिन्हींचा शेवट वाईट. मला हा योगायोग वाटत नाही. आजारी कंपनीने दुसरी आजारी कंपनी उचलली की कर्जाची बेरीज होते, उत्पन्नाची होत नाही.

या व्यवसायात पैसा उरतो किती, ते एका उड्डाणावरून मोजता येतं. मुंबई ते लखनौ हवाई अंतर सुमारे १,१८० किलोमीटर, वेळ दोन-सव्वादोन तास. १८६ आसनांचं, मधे एकच मार्गिका असलेलं विमान एवढ्या प्रवासाला साधारण सहा हजार लिटर इंधन पितं. अलीकडच्या वर्षांतला विमान इंधनाचा भाव लिटरला ९० रुपयांच्या आसपास धरला, तर एका फेरीचं नुसतं इंधन ५ लाख ४० हजारांचं. १८६ आसनांपैकी ८५ टक्के भरली, म्हणजे १५८ प्रवासी बसले, तर माणशी इंधन पडतं सुमारे ३,४०० रुपये. तुम्ही पाच हजारांचं तिकीट काढलंत, तर त्यातून आधी जीएसटी आणि विमानतळाचं शुल्क जातं. उरलेल्यातून हे इंधन जातं. मग विमानाचं भाडं, आणि ते डॉलरमध्ये. मग वैमानिक, केबिन कर्मचारी, देखभाल, विमान उतरवण्याचे आणि उभं करण्याचे आकार, विमा. विमान इंधन अजून जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, यावरून आधीचा बोजा कळावा.

जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना दरवर्षी माणशी नफ्याचा अंदाज काढते. अलीकडच्या चांगल्या वर्षांतही तो प्रवाशामागे सुमारे ७ डॉलर आहे, म्हणजे ६०० रुपयांच्या आसपास. लाखो सुटे भाग असलेलं, शेकडो कोटींचं यंत्र दहा किलोमीटर उंच न्यायचं आणि एका आसनामागे मिळवायचे ६०० रुपये. रुपया घसरला, तेल चढलं किंवा इंजिन बिघडलं, की ते ६०० उणे होतात. ते एका दिवसात हजारो आसनांवर उणे होतात आणि रोज होत राहतात.

एअर इंडियाचं तेच झालं. विकायला काढली तेव्हा तिचा तोटा दिवसाला सुमारे २० कोटी होता. म्हणजे तासाला ८३ लाख, मिनिटाला १ लाख ३९ हजार, सेकंदाला २,३०० रुपयांहून अधिक. मुंबईहून निघालेलं विमान लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरेपर्यंत कंपनीचे एक कोटी सहासष्ट लाख बुडालेले असायचे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तिच्यावर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या नावावर ४४० रुपये. टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली, त्यातले २,७०० कोटी रोख आणि १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं. उरलेलं कर्ज, ४६,२६२ कोटी, सरकारकडे राहिलं, म्हणजे आपल्याकडे. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत सरकारने रोख आणि हमी मिळून १ लाख १० हजार कोटींचा आधार दिला होता, तो वेगळा. ज्यांनी आयुष्यात विमानाची पायरी चढलेली नाही, त्यांच्याही करातून हा पैसा गेला. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराने एअर इंडियाच्या तोट्यात वाटा उचलला आहे, हे शब्दशः खरं आहे.

एअर इंडियाला सरकार होतं, म्हणून तिचा प्रवासी अडकला नाही. खासगी कंपनीला तसा वाली नसतो.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. त्या दिवशी कंपनीला बँकांकडून तातडीचे ४०० कोटी हवे होते. आठ हजार कोटींहून अधिक कर्ज आधीच थकलेलं होतं. बँकांनी नकार दिला. आठ हजारांपुढे चारशे म्हणजे पाच टक्के. तेवढ्यासाठी सव्वीस वर्षांची, शंभराहून अधिक विमानांची कंपनी थांबली. बँकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण बुडत्या खात्यात आणखी टाकलेले पैसेही ठेवीदारांचेच असतात. पण त्या रात्री पुढच्या आठवड्याचं, मेच्या सुट्टीचं, दिवाळीचं तिकीट हातात असलेल्या माणसांचा विचार करणारी कोणतीही व्यवस्था देशात नव्हती. जेट पुन्हा उभी करण्याची योजना आली, मंजूर झाली, रखडली. पहिल्या हप्त्याचे ३५० कोटीही नीट भरले गेले नाहीत. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. शेवटच्या उड्डाणाला तोवर साडेपाच वर्षं होऊन गेली होती.

मग गो फर्स्ट. वाडिया समूहाची, वरळीतून चालणारी, मुंबई-लखनौ मार्गावरही ओळखीची कंपनी. तिच्या ताफ्यात ५४ विमानं होती. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं बिघडत गेली आणि बदली इंजिनं वेळेत आली नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. इंजिनांमुळे जमिनीवर बसलेल्या विमानांचं प्रमाण डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के होतं, वर्षभरात ३१ टक्के झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. उभ्या विमानाचं भाडं थांबत नाही. अर्धी विमानं कमावणार आणि सगळ्यांचं भाडं भरणार, हे किती दिवस चालेल? २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी ११,४६३ कोटी, त्यातली बँकांची ६,५२१ कोटी. दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, लग्नसराई जोरात, आणि विमानतळावरच्या फलकांवर रद्द, रद्द, रद्द.

३ मेपासून पुढच्या प्रवासाची तिकिटं काढून ठेवलेले प्रवासी होते सुमारे साडेपंधरा लाख. त्यांचे अडकलेले पैसे सुमारे ६०० कोटी. भागाकार केला तर माणशी चार हजारांच्या आत-बाहेर. हे पैसे कंपनीकडे वेगळे ठेवलेले नव्हते. इंधनात, पगारात, भाड्यात केव्हाच गेले होते. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की जुनी देणी देण्यावर स्थगिती येते. म्हणून हा परतावा द्यायचा तर त्यासाठी न्यायाधिकरणाकडे परवानगी मागायची वेळ आली. प्रवासी कालपर्यंत ग्राहक होता, आज तारण नसलेला घेणेकरी झाला. रांगेत पुढे बँका. विमानं भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्या तर रांगेतही थांबल्या नाहीत. त्यांनी आपली विमानं परत मागितली, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमानांना त्या स्थगितीतून वगळलं आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सगळ्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं. २०२५ मध्ये संसदेने अशा भाडेकरारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही केला. तो हवाच होता, नाहीतर भारताला विमानं भाड्याने द्यायला कुणी धजावलं नसतं. पण विमानाच्या मालकासाठी दोन वर्षांत कायदा होतो आणि त्याच विमानातल्या आसनाचे पैसे आधी भरणाऱ्यासाठी होत नाही, हे मला पटत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी गो फर्स्टही अवसायनात निघाली.

आता दुसरा आकडा त्या ६०० कोटींच्या शेजारी ठेवतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची वेळापत्रकं कोसळली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीची तयारी अपुरी पडली आणि एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. सरकारने परताव्याची मुदत ठरवून दिली आणि ७ डिसेंबरपर्यंत इंडिगोने ६१० कोटी रुपये परत केले. गो फर्स्टच्या प्रवाशांचे अडकलेले पैसे आणि हे पैसे जवळजवळ सारखेच आहेत. एका ठिकाणी काही दिवसांत परतावा, दुसऱ्या ठिकाणी दाव्यांचे अर्ज. फरक एवढाच की इंडिगोकडे रोकड होती. तुमचे पैसे परत मिळतील की नाही, हे तुमच्या हक्कावर नाही, तर कंपनीच्या तब्येतीवर ठरतं.

त्याच आठवड्यात कंपन्या बंद पडण्याचा दुसरा परिणामही दिसला. देशांतर्गत बाजाराचा सुमारे ६५ टक्के वाटा एकट्या इंडिगोचा, आणि एअर इंडिया समूह धरला तर दोघांकडे जवळजवळ ९० टक्के. सहारा, डेक्कन, किंगफिशर, जेट, गो फर्स्ट ही नावं एकेक करून गळाल्यावर प्रवाशाला दुसरं दार उरत नाही. एक कंपनी अडखळली की तिकिटांचे भाव चाळीस-पन्नास हजारांच्या गोष्टी करू लागतात. शेवटी सरकारने अंतरानुसार कमाल भाडं ठरवलं. हजार ते दीड हजार किलोमीटरला १५,००० रुपये. मुंबई-लखनौ त्याच टप्प्यात येतं. पंधरा हजार ही सवलतीची मर्यादा होती, हे लक्षात घ्या. ज्याला तेवढे परवडत नाहीत त्याने पुष्पक एक्स्प्रेस धरायची, चोवीस तासांचा प्रवास, आणि आयत्या वेळी त्या गाडीचं आरक्षण मिळणं किती कठीण असतं ते मुंबईत राहणाऱ्या लखनौकरांना विचारावं.

लखनौच्या सहारा समूहाकडे पुन्हा येतो, कारण पुढचा आकडा तिथलाच आहे. विमान कंपनीशी त्याचा थेट संबंध नाही, तो समूहाच्या दोन गृहबांधणी कंपन्यांच्या रोख्यांचा आहे. पण छोट्या रकमांचं मोठ्या कर्जात काय होतं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३ कोटी गुंतवणूकदारांचे २४ हजार कोटी १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं. माणशी सरासरी आठ हजार रुपये. पडताळणीसाठी समूहाने कागदपत्रं मुंबईला सेबीकडे पाठवली, ती १२७ ट्रक भरून. ट्रकांत ३१,६६९ खोकी, आणि खोक्यांत ३ कोटींहून अधिक अर्ज. दिवसाला एक हजार अर्ज तपासले, तर ३ कोटींना ८२ वर्षं लागतील. सुब्रत रॉय यांना २०१४ मध्ये लखनौतून ताब्यात घेतलं, तिहारला पाठवलं, जामिनाची रक्कम ठरली १०,००० कोटी. आपल्या लोणावळ्याजवळची अँबी व्हॅली २०१७ मध्ये लिलावात काढली, राखीव किंमत ३७,३९२ कोटी. घेणारा मिळाला नाही. परताव्यासाठीच्या खात्यात २५ हजार कोटींहून अधिक जमा झाले. त्यातून मार्च २०२३ पर्यंत गुंतवणूकदारांच्या हाती पडले सुमारे १३८ कोटी. बहुतेकांचे पैसे आपण आधीच थेट परत केले होते, असं समूहाचं म्हणणं राहिलं. ते बाजूला ठेवलं तरी २५ हजार कोटी आणि १३८ कोटी यांच्यातली दरी डोळ्यांत खुपते.

माझ्या मते सगळी गोम या माणशी रकमेत आहे. ११ हजार कोटी, २४ हजार कोटी हे आकडे ऐकून आपण थक्क होतो आणि पान उलटतो. पण ते बनलेले असतात चार हजारांनी, आठ हजारांनी. दीड हजार कोटी थकलेली बँक नामवंत वकील उभा करते. चार हजार थकलेला प्रवासी दोनदा फोन करतो, तीन ई-मेल पाठवतो आणि सोडून देतो. वकिलाची पहिली फीच त्याहून जास्त असते. साडेपंधरा लाख माणसं स्वतंत्रपणे सोडून देतात आणि ६०० कोटी निमूटपणे कागदावर राहतात.

अशी अडकू शकणारी रक्कम आजही रोज तयार होत आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटी १३ लाख प्रवासी नेले, दिवसाला सुमारे ४ लाख ४० हजार. तिकीट सरासरी ५,००० रुपयांचं आणि प्रवासाच्या वीस दिवस आधी काढलेलं, असं धरून चाला. हे माझं ढोबळ गृहीतक आहे, पण कुटुंबाच्या सुट्टीचं तिकीट आपण त्याहून बरंच आधी काढतो. या हिशेबाने कोणत्याही दिवशी न झालेल्या प्रवासाचे ४,४०० कोटी रुपये कंपन्यांच्या हातात असतात. बिनव्याजी आणि बिनतारणी. असं कर्ज कोणतीही बँक देत नाही, आपण देतो.

ब्रिटनमध्ये थॉमस कुक ही सहल कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली, जेट थांबल्यावर पाच महिन्यांनी. परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख पर्यटकांना तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाने विमानं भाड्याने घेऊन घरी आणलं. तिथे सहलीच्या प्रत्येक आरक्षणामागे माणशी अडीच पौंड एका सुरक्षा निधीत जातात. इतका मोठा भार एकट्या त्या निधीला पेलला नाही, सरकारलाही खर्च उचलावा लागला. पण माणसं घरी आली आणि पुढच्या सहलींचे पैसे परत मिळाले.

लांब कशाला जायचं? आपल्याकडे फ्लॅटचं बुकिंग करणाऱ्याच्या पैशांना असं संरक्षण मिळालं आहे. बिल्डर एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालतात, म्हणून रेरा कायदा आला आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा त्यावर लक्ष ठेवतं. तिकिटाच्या पैशांसाठीही असं खातं हवं म्हटलं, तर विमान कंपन्या म्हणतील की आमचा रोजचा गाडा याच पैशांवर चालतो, ते अडकवले तर तिकिटं महागतील. थोडी महागतील, हे खरं. पण प्रवाशाच्या आगाऊ पैशांशिवाय ज्या कंपनीला पुढचा आठवडा काढता येत नाही, तिने पुढच्या दिवाळीची तिकिटं विकूच नयेत.

तोवर आपल्या हाती थोडंसंच आहे. कंपनीचे पगार थकल्याच्या, विमानं उभी असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की तिचं दूरचं तिकीट काढू नका, ते कितीही स्वस्त असलं तरी. अशा वेळीच ते सर्वांत स्वस्त असतं, कारण कंपनीला आजची रोकड हवी असते. तिकीट क्रेडिट कार्डाने काढा. सेवा मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवून रक्कम परत मागता येते, ती सोय रोखीत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत उड्डाण रद्द झालं तर ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंतची भरपाई आहे, पण ती चालू कंपनीकडून. बंद पडलेल्या कंपनीकडे फक्त दावा करता येतो. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की दावे मागवणारी जाहीर सूचना निघते. मुदतीच्या आत तो दावा करा, रक्कम दोन हजारांची असली तरी करा. साडेपंधरा लाख दाव्यांचा गठ्ठा टेबलावर आला, तर तो बँकांच्या वकिलांनाही दिसेल.

आणि खासदाराला एक पत्र लिहा. विमान उडेपर्यंत प्रवाशाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, एवढीच एक ओळ पुरेल. फ्लॅटसाठी जे मिळवलं, ते तिकिटासाठीही मागायला हवं.